खासदार राहिलेला माणूस आमदारकीला का उभा राहतो?

जून 2024 मध्ये नांदेडचे खासदार प्रतापराव पाटील चिखलीकर लोकसभेला सुमारे 59 हजार मतांनी पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते लोह्यातून विधानसभेला उभे राहिले आणि निवडून आले. संभाजीनगरचे खासदार इम्तियाज जलील यांनी लोकसभा गमावली आणि त्यांनीही पाच महिन्यांत औरंगाबाद पूर्वमधून विधानसभेचा अर्ज भरला. तिथे ते 2,161 मतांनी हरले. हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांची लोकसभेची उमेदवारी जाहीर होऊन बदलली गेली. ऑक्टोबरमध्ये ते राज्यपाल नियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. मराठवाड्यात लोकसभेच्या जागा आठ. त्यातल्या तीन जागांवरचे खासदार एकाच वर्षात राज्याच्या राजकारणाकडे वळले.

अशा वेळी पारावर आणि चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: "दिल्लीहून मुंबईवर आले." बोलणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते, थोडा टोमणा असतो. मुख्यमंत्री राहिलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली मंत्री झाला, की हा टोमणा आणखी धारदार होतो. पण मतदार म्हणून आपण तेवढ्यावर थांबलो, तर खरा प्रश्न सुटून जातो. हा माणूस खाली आला की वर गेला, यापेक्षा ज्या पदावर तो येतोय त्या पदाच्या हातात काय आहे, हे आपल्याला कळायला हवं.

मान कुणाचा मोठा, आणि काम कुणाच्या हातात

वरचं-खालचं ठरवणारा एक सरकारी कागद आहे. केंद्र सरकारचा मानक्रम. समारंभात कुणी कुणाच्या आधी बसायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. राष्ट्रपती पहिल्या क्रमांकावर, आपापल्या राज्यात राज्यपाल चौथ्या, लोकसभेचे अध्यक्ष सहाव्या, केंद्रीय कॅबिनेट मंत्री आणि आपल्या राज्यात असताना मुख्यमंत्री सातव्या क्रमांकावर. खासदार 21व्या क्रमांकावर. आमदारांना त्या यादीत जागाच नाही. पण हा क्रम फक्त शासकीय समारंभांपुरता आहे, रोजच्या कारभाराला तो लागू नाही, असं त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

रोजच्या कारभाराचा हिशोब वेगळा असतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. पोलीस, जमीन आणि महसूल, पाणी, शेती, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्याच्या यादीत येतात. आता आपल्याकडचा शेतकरी नेत्याकडे काय घेऊन जातो ते आठवा. विजेची डीपी (रोहित्र) जळाली, आठ दिवस झाले बदलून मिळेना. पाणंद रस्ता अडवलाय. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त होत नाही. पीक वाहून गेलं, पण पंचनाम्यात नाव नाही. तो पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात, आणि हे तिघंही राज्याच्या यंत्रणेतले. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात शिवारंच्या शिवारं खरवडून गेली, तेव्हा हेक्टरी किती मदत आणि कुठल्या तालुक्यांना, हे ठरवणारा शासन निर्णय मुंबईत निघाला.

जायकवाडीचंही तसंच. ऑक्टोबरच्या मध्याला धरणातला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हा प्रश्न उभा राहतो. तो सुटतो 2005 च्या राज्याच्या कायद्याखाली, राज्याच्या जलसंपत्ती प्राधिकरणापुढे, आणि तिथेही न सुटला तर न्यायालयात. दिल्लीतला खासदार पत्र लिहू शकतो, संसदेत आवाज उठवू शकतो, आंदोलनात पुढे बसू शकतो. दरवाजे उघडण्याचा आदेश मात्र त्याच्या घरून निघत नाही.

खासदाराच्या वाट्याला काय उरतं? ते थोडं नाही. राष्ट्रीय महामार्ग आहेत, रेल्वे आहे. नांदेड रेल्वे विभाग अजून सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली आहे आणि मनमाड-परभणी दुहेरी मार्गासाठी आपण वर्षानुवर्षं भांडतोय, त्यामुळे चांगल्या खासदाराची आपल्याला फार गरज आहे. पण रेल्वेचंही पूर्ण केंद्राकडे नसतं. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलायचा ठरला होता. म्हणजे बीडच्या रेल्वेसाठी दिल्लीत जितकी खटपट हवी होती, तितकीच मुंबईत अर्थसंकल्पाच्या वेळी हवी होती.

आता पैशांचं बघा. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. महाराष्ट्रातल्या आमदाराचा निधीही 2022 पासून 5 कोटीच आहे. पण एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. खासदाराने समान वाटणी केली तर एकेका विधानसभेला जेमतेम 83 लाख येतात. आमदाराचे सगळे 5 कोटी एकाच ठिकाणी पडतात. गावातलं सभागृह, शाळेची खोली, सिमेंटचा रस्ता यावर नावाची पाटी कुणाची जास्त दिसणार, हे इथेच ठरून जातं. त्यात तो आमदार मंत्री झाला, पालकमंत्री झाला, तर जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे येतं. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतला पैसा कुठल्या कामाला जाईल, त्या बैठकीत ठरतं.

म्हणून पैठणचे संदिपान भुमरे राज्यात कॅबिनेट मंत्री आणि पालकमंत्री असताना 2024 मध्ये खासदार झाले, तेव्हा ते वर गेले की खाली आले? मानक्रमात तेही सोपं नाही, कारण आपल्या राज्यातला कॅबिनेट मंत्री खासदाराच्या वरच बसतो. आणि हातातल्या अधिकाराने मोजलं तर सरळ उत्तर आहे: मंत्रिपद सोडून साधी खासदारकी घेणं म्हणजे अधिकार कमी करून घेणं. पण तेव्हा त्यांच्याबद्दल कुणी "खाली आले" म्हटलं नाही. दिल्लीचं नाव मोठं आहे म्हणून आपण त्याला बढती समजलो.

मतांचं गणित

दुसरं कारण निवडणुकीच्या भूगोलात आहे. खालच्या निवडणुकीचा नकाशा लहान असतो. नेत्याची ताकद सगळीकडे सारखी पसरलेली नसते, ती कुठे तरी दाट असते.

इम्तियाज जलील यांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. औरंगाबाद लोकसभेत शहरातले मध्य, पश्चिम आणि पूर्व असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत, आणि कन्नड, गंगापूर, वैजापूर असे तीन ग्रामीण. 2019 मध्ये मतं तीन-चार ठिकाणी फुटली आणि ते 4,492 मतांनी खासदार झाले. 2024 मध्ये तेच 1 लाख 34 हजारांहून जास्त मतांनी हरले. एवढा मोठा पराभव झाल्यावर नेता संपला असं कुणालाही वाटेल. पण पाच महिन्यांनी शहरातल्या एकाच मतदारसंघात ते उभे राहिले आणि फरक राहिला 2,161 मतांचा. ग्रामीण तिन्ही तालुके हिशोबातून वजा झाले, की काय होतं ते या दोन आकड्यांत दिसतं. जो उमेदवार सव्वा लाखावर मतांनी पडला, तो शहरातल्या एका भागात जवळपास निवडून येत होता.

लोह्याचंही असंच, फक्त निकाल उलटा. लोहा नांदेड जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला तो लातूर मतदारसंघात मोडतो. म्हणजे चिखलीकर ज्या नांदेड लोकसभेत पडले, तिच्यात लोह्याचा मतदार नव्हताच. तो मतदार त्यांना खासदार म्हणून नाकारायला गेला नव्हता. त्याच्या आठवणीत ते जुने आमदार होते. निवडणुकीचे हे नकाशे समजून घेतल्याशिवाय "लोकांनी नाकारलेला माणूस परत आला" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नाकारणारे लोक वेगळे होते, परत आणणारे वेगळे.

अशोक चव्हाणांनी हेच पाच वर्षं आधी करून दाखवलं होतं. ते 2008 ते 2010 मुख्यमंत्री होते. 2014 मध्ये मोदी लाटेतही नांदेडमधून लोकसभेला निवडून आले. मे 2019 मध्ये सुमारे 40 हजार मतांनी हरले आणि ऑक्टोबरमध्ये भोकरमधून विधानसभेत परतले. मुख्यमंत्री, मग विरोधी बाकावरचे खासदार, मग आमदार, मग उद्धव ठाकरेंच्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाममंत्री. फेब्रुवारी 2024 मध्ये पक्ष बदलून राज्यसभेवर. या प्रवासाला वर किंवा खाली म्हणणं अवघड आहे. त्यात एक गोष्ट मात्र सलग दिसते: नांदेड जिल्ह्यावरची पकड. पद कुठलंही असो, ती पकड सुटू द्यायची नाही. भाऊराव चव्हाण साखर कारखाना, जिल्ह्यातल्या संस्था, कार्यकर्त्यांची फळी हे सगळं टिकवायचं, तर कुठल्या तरी सभागृहात पाय असावा लागतो.

कारखान्याचा मुद्दा आपल्याकडे विसरता येत नाही. साखर कारखाना आणि जिल्हा बँक ही पदं मानक्रमात कुठेच नाहीत, तरी त्यांच्या निवडणुकीत मोठमोठे नेते जिवाचं रान करतात. 2025 मध्ये उपमुख्यमंत्री असताना अजित पवार बारामतीच्या माळेगाव कारखान्याचे अध्यक्ष झाले. लातुरात विलासरावांचं राजकारण समजून घ्यायचं, तर मांजरा कारखाना वगळून कसं समजेल? ऊस कधी तोडला जाणार आणि कर्ज कुणाला मिळणार, यावर ज्याचा शब्द चालतो त्याला गावात मान मिळतो. तो आधी मंत्री होता की नाही, हे मग कुणी विचारत नाही.

मुख्यमंत्री होऊन गेल्यावर मंत्री

सगळ्यात जास्त कुजबुज होते ती इथे. आणि या बाबतीत मराठवाड्याइतका अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या भागाला नाही.

शंकरराव चव्हाण मूळचे पैठणचे, राजकारण नांदेडचं, सुरुवात नांदेडच्या नगराध्यक्षपदापासून. फेब्रुवारी 1975 मध्ये ते मुख्यमंत्री झाले. जायकवाडीचं धरण त्यांच्याच काळात, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालं. 1977 मध्ये त्यांचं पद गेलं. जुलै 1978 मध्ये शरद पवारांनी पुलोद या आघाडीचं सरकार बनवलं, तेव्हा पवार 37 वर्षांचे होते आणि शंकररावांच्या मंत्रिमंडळात मंत्री राहिलेले होते. त्या पवारांच्या मंत्रिमंडळात शंकरराव मंत्री म्हणून बसले. "हेडमास्तर" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने वयाने वीस वर्षं लहान असलेल्या मुख्यमंत्र्याच्या बैठकीत बाजूच्या खुर्चीवर बसायचं, हे सोपं नसणार.

पण पुढचं बघा. तिथून ते दिल्लीला गेले, केंद्रीय मंत्री झाले, 1984 च्या अखेरीस देशाचे गृहमंत्री झाले. मार्च 1986 मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना, मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणामुळे, मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आले शंकरराव, देशाचं गृहखातं सोडून. दोघेही मराठवाड्याचे. मुख्यमंत्र्याचा केंद्रीय मंत्री झाला की आपण बढती म्हणतो. मग गृहमंत्र्याचा मुख्यमंत्री झाला त्याला काय म्हणायचं? 1988 मध्ये ते पुन्हा दिल्लीला गेले, अर्थमंत्री झाले, आणि 1991 ते 1996 परत गृहमंत्री. त्यांच्या 1978 च्या त्या एका पायरीला कुणी शेवट समजलं असतं, तर पुढची अठरा वर्षं दिसलीच नसती.

निलंगेकरांचं पुढे काय झालं, हे लातूरच्या बाहेर फार लोकांना आठवत नाही. मुख्यमंत्रिपद गेल्यावर सतरा वर्षांनी, 2003 मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा सत्तरी ओलांडलेले निलंगेकर त्यांच्या मंत्रिमंडळात महसूल खातं सांभाळत होते. 2004 मध्ये त्यांच्याच नातवाने, संभाजी पाटलांनी, निलंग्यात त्यांना हरवलं. 2009 मध्ये आजोबांनी ती जागा नातवाकडून परत मिळवली. माजी मुख्यमंत्री अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा आमदार. याला कुणी खुर्चीचा हव्यास म्हणेल. मला त्यात निलंग्याशी असलेली गाठ जास्त दिसते. पण तालुक्यात दुसऱ्या कुणाला वाव मिळाला का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि त्याच्याकडे मी पुढे येतोच.

या यादीत पुढे नारायण राणे आले. 1999 मध्ये मुख्यमंत्री आणि 2005 नंतर विलासरावांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री. अशोक चव्हाण वर आलेच. 30 जून 2022 ला देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि 5 डिसेंबर 2024 ला भूमिका बदलली: फडणवीस मुख्यमंत्री, आधीचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे उपमुख्यमंत्री.

हे कायद्याने कसं चालतं, ते समजून घ्यायला हवं. घटनेत उपमुख्यमंत्री नावाचं पदच नाही. अधिकाराने ते मंत्रीच असतात. घटनेच्या 164 व्या कलमात मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं असं म्हटलंय. म्हणजे बैठकीत माजी मुख्यमंत्र्याने कितीही विरोध केला, तरी निर्णय झाला की तो त्याचाही निर्णय. बाहेर येऊन वेगळं बोलायचं असेल तर राजीनामा द्यायचा. पण आपलं खातं त्याच्या हातात असतं, त्याच्या फायलींवर त्याची सही चालते. आणि ज्या माणसाने सगळ्या खात्यांच्या फायली पाहिलेल्या असतात, त्याला सचिव सहजासहजी गुंडाळू शकत नाहीत. अशा मंत्र्याचा सरकारला फायदाच होतो, जर मुख्यमंत्री त्याच्या सावलीने बिचकत नसेल तर. बिचकत असेल तर दोन सत्ताकेंद्रं होतात, अधिकारी कुणाचं ऐकायचं ते बघत बसतात, आणि गावाकडचं काम मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतं.

मागच्या बाजूचा दरवाजा

थेट निवडणूक न लढता परतण्याची वाट म्हणजे विधान परिषद. परिषदेत 78 सदस्य आहेत. काही आमदारांनी निवडलेले, काही स्थानिक संस्थांनी, काही शिक्षक आणि पदवीधरांनी, आणि 12 राज्यपालांनी नेमलेले. हेमंत पाटील या शेवटच्या वाटेने आले. पंकजा मुंडे 2014 ते 2019 मंत्री होत्या, 2019 मध्ये परळीत हरल्या, 2024 मध्ये बीड लोकसभेला 6,553 मतांनी हरल्या, जुलैमध्ये आमदारांच्या मतांवर परिषदेत गेल्या आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मंत्री झाल्या. घटनेप्रमाणे कुठल्याही सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो, त्याच्या आत सदस्य व्हावंच लागतं. परिषद नसती तर अशा अनेकांना पोटनिवडणुकीचीच वाट पाहावी लागली असती.

हे नवीन नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारी 1948 ते 1950 भारताचे गव्हर्नर जनरल होते, म्हणजे देशाच्या प्रमुखपदी. त्यानंतर ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात साधे मंत्री झाले, सरदार पटेल गेल्यावर गृहमंत्री झाले, आणि 1952 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री. तेही राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमून. देशाच्या सर्वोच्च पदावरून एका राज्याच्या परिषदेत नियुक्त सदस्य. त्यावर तेव्हाही टीका झाली.

कायदा कुठे अडवतो, कुठे नाही

काही पदांच्या बाबतीत घटना फार कडक आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे सरकारच्या हिशोबाची तपासणी करणारे, पदावरून उतरल्यावर केंद्राचं किंवा कुठल्याही राज्याचं दुसरं पद घेऊ शकत नाहीत. पुढच्या पदाच्या आशेने तपासणीत कुणी नरम पडू नये, हा त्यामागचा हेतू. राजकारण्यांसाठी असा कुठलाच नियम नाही. राष्ट्रपती राहिलेल्या माणसाने उद्या ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तरी त्याचं माजी पद त्याला अडवत नाही.

अडतं ते एकाच वेळी दोन ठिकाणी बसायला. घटनेच्या 101 व्या कलमाप्रमाणे कुणी एकाच वेळी संसदेचा आणि राज्य विधिमंडळाचा सदस्य राहू शकत नाही. त्यासाठी 1950 चे नियम आहेत. दोन्हीकडे निवडून आलेल्या माणसाने निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 14 दिवसांत राज्याची जागा सोडली नाही, तर त्याची संसदेची जागा आपोआप रिकामी होते. यात एक गंमतीची नाही, तर महत्त्वाची बारकी गोष्ट आहे: गप्प बसलं तर जाते ती खासदारकी, आमदारकी नाही. राज्याच्या सभागृहात यायचं असेल तर काहीच करावं लागत नाही, दिल्लीत राहायचं असेल तर राजीनामा लिहावा लागतो.

या नियमाचा परिणाम 2023 च्या मध्य प्रदेशात दिसला. भाजपने केंद्रीय मंत्री आणि खासदारांना विधानसभेला उभं केलं. केंद्रीय कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर आमदार झाले आणि मग तिथल्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांची लोकसभेची जागा पोटनिवडणुकीविना रिकामीच राहिली, कारण मुदत संपायला एक वर्षापेक्षा कमी वेळ असेल तर पोटनिवडणूक घेणं बंधनकारक नसतं. तिथल्या मतदारांना त्या काही महिन्यांत खासदारच नव्हता. नेत्याच्या पायऱ्यांचा हिशोब करताना हा खर्च कुणी मोजत नाही.

जगातही हे चाललेलं असतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स पद गेल्यावर 1831 मध्ये साधे प्रतिनिधी म्हणून सभागृहात परतले आणि मरेपर्यंत गुलामगिरीविरुद्ध लढत राहिले. त्यांचं हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं मानतात. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन पुढे ओकलंड शहराचे महापौर झाले आणि मग पुन्हा गव्हर्नर.

आपल्याकडे ॲडम्सच्या जवळ जाणारं उदाहरण फुलंब्रीचं आहे. हरिभाऊ बागडे, सगळ्यांचे नाना, 2014 ते 2019 विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढची पाच वर्षं ते त्याच सभागृहात साधे आमदार म्हणून बाकावर बसले. ज्यांना ते "बसा खाली" म्हणायचे, त्यांच्यात बसून दुसऱ्या अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागायची. जुलै 2024 मध्ये ते राजस्थानचे राज्यपाल झाले. पण मधली ती पाच वर्षं मला त्यांच्या राज्यपालपदापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

रांगेत उभे असलेले

आता पुढे ढकललेला प्रश्न. वरून खाली येणाऱ्या नेत्याचं नुकसान झालं की फायदा, याची आपण चर्चा करतो. ज्याची जागा त्याने घेतली, त्याची चर्चा होत नाही.

पक्षाला सोपं काय असतं? पडलेला खासदार ओळखीचा चेहरा असतो, पैसा उभा करू शकतो, बूथवर माणसं असतात. त्याच्यापुढे दहा वर्षं पंचायत समितीत काम केलेला तालुक्यातला कार्यकर्ता तिकिटाच्या बैठकीत टिकत नाही. त्यातून नेत्याच्याच घरात दोन-तीन पदं आली, की रांग पुढे सरकतच नाही. सतरंज्या उचलणारे सतरंज्याच उचलत राहतात, आणि मग एक दिवस कंटाळून दुसऱ्या पक्षात जातात किंवा राजकारणच सोडतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण मराठवाड्याचे मोठे नेते याच रांगेतून आले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, तेव्हा लातूर जिल्हाही नव्हता. तो 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. शिवराज पाटील चाकूरकर लातूरचे नगराध्यक्ष होते आणि पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले. शंकरराव नांदेडच्या नगरपालिकेतून आले.

ती पहिली पायरीच गेली काही वर्षं बंद होती. मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा यांत 2025 संपलं तरी तिथे प्रशासकच बसलेले होते. संभाजीनगर महापालिकेत तर एप्रिल 2020 पासून. घटनेच्या 243 झेडडी कलमाप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांमधून निवडलेले असायला हवेत. निवडून आलेले सदस्यच नव्हते, तर ही जागा भरणार कुठून? जिल्ह्याच्या पैशांचा निर्णय पालकमंत्री आणि अधिकाऱ्यांच्या हातात राहिला, आणि 2024 मध्ये पक्षांनी विधानसभेची तिकिटं वाटली तेव्हा खालून तयार होऊन आलेली नवी माणसं समोर नव्हती. जे समोर होते त्यांत जूनमध्ये पडलेले खासदारही होते. लोहा असो की औरंगाबाद पूर्व, उमेदवार कोण हे ठरण्याआधीच पर्याय कमी झालेले होते, आणि ते कमी झाले याची तक्रार करायला जिल्हा परिषदेच्या गटात, पंचायत समितीच्या गणात निवडून आलेला एकही माणूस शिल्लक नव्हता.